जुन्नरला जाताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

मी मूळचा जुन्नरचा, नोकरीमुळे पुण्यात. ऑफिसात किंवा सोसायटीत एकदा कळलं की हा जुन्नरचा, की ठरलेले प्रश्न सुरू होतात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये आणि शिवजयंतीच्या आठवड्यात. दरवेळी तेच तेच बोलण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू, पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

जुन्नर म्हणजे शिवनेरीच ना? किल्ला बघितला की झालं?

नाही हो. शिवनेरी आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण जुन्नर आधी बाजाराचं गाव आहे आणि ते आजकालचं नाही, दोन हजार वर्षांपासूनचं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाटातून वर चढायचा आणि पुढे पैठणकडे जायचा, आणि घाट चढून आल्यावर पहिलं मोठं गाव म्हणजे जुन्नर. म्हणून तर गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत. त्यातले शिलालेख वाचले की कळतं, पैसे नुसत्या राजांनी दिले नव्हते, बांबूचं काम करणारे, काशाची भांडी करणारे, धान्याचे व्यापारी, यांच्या श्रेणींची नावं तिथे आहेत, श्रेणी म्हणजे आताच्या भाषेत असोसिएशनच म्हणा. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, किल्ला जरूर करा पण थेट गाडीत बसून परत फिरू नका, गाव बघा. शिवजन्मस्थान म्हणून हात जोडायचे आणि पार्किंगमधून बाहेर पडायचं, यात जुन्नर तुम्हाला चार आणेसुद्धा कळत नाही.

पुण्याहून सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येता येईल का?

येईल. साधारण ९०-९५ किलोमीटर, नाशिक हायवेने नारायणगावपर्यंत आणि तिथून डावीकडे. एसटी वाकडेवाडीहून मिळते (शिवाजीनगरचा स्टँड तिकडे गेलाय, अजून लोक जुन्या जागी जाऊन उभे राहतात). खरा प्रश्न अंतराचा नाही, चाकणच्या ट्रॅफिकचा आहे, सहाच्या आत भोसरी ओलांडली तर ठीक, नाहीतर पोहे चाकणच्या चौकातच. एका दिवसात शिवनेरी, लेण्याद्री आणि गावात जेवण एवढं आरामात होतं. त्यात नाणेघाट घुसवायचा प्रयत्न करू नका, सगळंच अर्धवट होतं आणि घरचे चिडतात.

बाजार कधी असतो आणि त्यात बघण्यासारखं काय?

जुन्नरचा आठवडे बाजार रविवारी. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या बायका सीझनप्रमाणे हिरडा, रानभाज्या, करवंदं, आंबेमोहोर तांदूळ घेऊन येतात, आणि पूर्वेकडून कांदा, टोमॅटो, द्राक्षं. हिरडा विकत घेणारे कमी, पण विचारा तरी, या भागातल्या महादेव कोळी घरांचा वर्षाचा रोख पैसा बराचसा त्यावर असतो. सोमवारी बेल्ह्याला बैलबाजार भरतो, तो वेगळाच प्रकार, दात बघून, पाठीवर हात फिरवून, कपड्याखाली बोटं दाबून सौदा होतो, बघणाऱ्याला भाव काय ठरला ते शेवटपर्यंत कळत नाही. बैलगाडा शर्यतीवर सुप्रीम कोर्टाची २०१४ ला बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परत परवानगी मिळाली, मधली वर्षं या तालुक्यात लोक त्याबद्दल घरातला माणूस गेल्यासारखं बोलायचे.

नारायणगावचं टोमॅटो मार्केट हा पण बाजारच, पण तिथे पर्यटक म्हणून गेलात तर क्रेटच्या मध्ये येऊ नका एवढंच सांगेन. २०२३ च्या जुलैत २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं आणि न्यूज चॅनेलवाले शेतकऱ्यांच्या मागे लागले होते. तोच टोमॅटो ज्या वर्षी रस्त्यावर ओतावा लागतो त्या वर्षी कोणी येत नाही.

शिवनेरीवर नक्की काय काय आहे? लहान मुलं, आजी-आजोबा चढतील का?

पायऱ्यांची वाट चांगली आहे, सात दरवाजे लागतात, महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर, मुलांना मोजत न्यायचं म्हणजे कुरकुर करत नाहीत. हत्ती दरवाजानंतर आणि शिपाई दरवाजाच्या आसपास आत शिवाई देवीचं देऊळ, तिथे बसायला सावली आहे, ज्येष्ठ मंडळींना तिथपर्यंत नेऊन थांबवलं तरी चालतं. जिजाऊंनी या शिवाईला नवस केला आणि तिच्या नावावरून बाळाचं नाव शिवाजी ठेवलं असं आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते. जन्म १९ फेब्रुवारी १६३०, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. (तारीख की तिथी हा वाद माझ्याशी घालू नका, गावात दोन्ही दिवशी गर्दी असते.) दुसरी वाट साखळीची, ती अंगात रग असलेल्यांनी करावी आणि पावसात अजिबात नको.

वर शिवकुंजात जिजाऊ आणि बाल शिवाजीचा पुतळा आहे. मला तो आवडतो कारण घोडा नाही, उगारलेली तलवार नाही, आई आहे आणि तिच्याजवळ छोटी तलवार घेतलेलं पोर आहे. गंगा-जमुना टाक्यांचं पाणी उन्हाळ्यातही गार लागतं. बदामी तलाव, कडेलोटाचं टोक, आणि दोन मिनारांमध्ये कमान असलेली मशीद, ही कमान खाली गावातून सुद्धा दिसते.

एक जागा मात्र बहुतेक लोक न बघताच उतरतात ती म्हणजे कोळी चौथरा. मोगलांच्या काळात महादेव कोळ्यांनी बंड केलं, ते मोडून काढलं आणि पकडलेल्यांना गडावर आणून त्यांची डोकी उडवली असं सांगतात. तिथे पाटी वाचायला थांबा.

शिवाजी महाराजांनी शिवनेरी कधी जिंकला?

हा प्रश्न आला की गंमत वाटते, कारण उत्तर ऐकून लोक गप्प होतात. महाराजांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आलाच नाही. १६५७ च्या एप्रिलअखेरीस त्यांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून आत शिरून मोगलांचा खजिना आणि बाजारपेठ लुटली, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले, पण किल्ला तसाच राहिला. पुढेही प्रयत्न झाला, तोही फसला. त्याच काळात फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे येऊन गेला, त्याने लिहून ठेवलंय की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री आहे. मग घेणार कसा? तो मराठ्यांकडे आला शाहू महाराजांच्या काळात, १७१६ ला. म्हणजे बघा, त्या काळीसुद्धा जुन्नरची पेठ ही लुटण्यासारखी गोष्ट होती. त्याआधी मलिक अंबरने १६०७ च्या सुमारास निजामशाहीचा कारभार इथूनच चालवला होता. आणि पेशवाईत पुण्याच्या दप्तरात जुन्नरी कागद लागायचा, इथे हातकागद करणाऱ्यांची वस्तीच होती.

लेण्याद्रीचा गणपती पाठमोरा आहे म्हणतात, खरं का?

गावात असंच सांगतात. पार्वतीने पुत्रासाठी इथे बारा वर्षं तप केलं, गणपती तिच्या पोटी आला, म्हणून गिरिजात्मज. आणि आपण दर्शन घेतो ते त्याच्या पाठीचं, तोंड डोंगराच्या पलीकडे आहे, असं लहानपणी आम्हाला सांगायचे आणि मग आम्ही पोरं डोंगराच्या मागे तोंड शोधायला निघायचो. मूर्ती म्हणजे भिंतीतच कोरलेला शेंदूर चढवलेला उभार आहे. अष्टविनायकातला डोंगरावर आणि लेण्यात असलेला हा एकच.

पण लेणी मूळची बौद्ध, देऊळ आहे ते सात नंबरचं लेणं, म्हणजे भिक्खूंचा विहार, त्यांची राहायची जागा. एवढा मोठा हॉल, आणि मध्ये एकही खांब नाही, तीन बाजूंना छोट्या खोल्या. दर्शनाच्या रांगेत उभे असताना वर बघा, आपण घंटा शोधत असतो म्हणून छत बघायचं राहून जातं. शेजारी सहा नंबरला चैत्यगृह आहे, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, खांबांवर हत्ती, वाघ-सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. ते लेणं कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने दान दिल्याचं दारावर कोरलंय. कल्याणचा माणूस घाट चढून येतो आणि इथे खर्च करतो, म्हणजे त्याचा धंदा इथे चांगला चालत असणार, सरळ हिशोब आहे.

पायऱ्या तीनशेच्या आसपास, डोली मिळते, पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं (देवाच्या दर्शनाला तिकीट कसलं म्हणून भांडणारा एक तरी काका दरवेळी असतो), आणि माकडं आहेत. पिशवीत केळी नेऊ नका, प्रसादाचा पेढासुद्धा खिशात.

ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली ना?

पांडवांना महाराष्ट्रात झोपच नव्हती बहुतेक! गोष्ट म्हणून छान आहे, मुलांना सांगा. पण इथल्या लेण्यांचं काम इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकापासून पुढे काही शतकं टप्प्याटप्प्याने चाललं आणि कोणी काय दिलं ते दगडावर लिहिलंय. मानमोडीच्या डोंगरावर तर महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचा लेख आहे, त्यात वर्ष ४६ दिलंय, त्याने टाकं आणि मंडप दिला.

मानमोडीला काय एवढं?

जुन्नर बसस्टँडवरून जो डोंगर दक्षिणेला दिसतो तो मानमोडी, आणि माझ्या मते आख्ख्या तालुक्यातली सर्वात भारी कलाकृती तिथे आहे आणि तिथे रविवारी सुद्धा माणूस भेटत नाही. भूतलिंग गटातलं चैत्यगृह बघा. आतून काम अर्धवट सोडलंय पण दर्शनी कमान पूर्ण आहे. कमानीच्या अर्धगोलात पाकळ्या पाकळ्यांसारखे भाग पाडलेत, मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी, बाजूच्या पाकळ्यांत तिच्यावर पाणी घालणारे हत्ती आणि हात जोडलेली माणसं. आणि त्याच अर्धगोलात ब्राह्मी लिपीत लिहिलंय की हा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाचं दान. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा कोणीतरी. ग्रीक माणूस, देशी नाव, बौद्ध लेणं, आणि दारात लक्ष्मी. इरिल आणि चिट नावाच्या आणखी दोन यवनांचे लेख जुन्नरच्या लेण्यांत आहेत, एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. आजकाल कोण कुठला यावर जे भांडतात त्यांना मी हे दाखवायला नेतो, फरक पडतोच असं नाही.

सूचना: आग्यामोहोळं आहेत. परफ्यूम, धूर, मोठ्याने गाणी यातलं काही नको. एकट्याने जाऊ नका, वाट दाखवायला गावातला कोणी घ्या.

पाडळीजवळ तुळजा लेणीसुद्धा करा, तिथे गोल चैत्यगृह आहे, बारा अष्टकोनी खांब आणि मध्ये स्तूप. गोल आकाराचं लेणं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

नाणेघाटातला तो दगडी रांजण टोलनाका होता का?

आम्ही तर असंच ऐकत आलोय, व्यापारी घाट चढून आला की जकातीची नाणी त्यात टाकायची. तेव्हाच्या टोलला निदान रसीद मागायची भानगड नव्हती. आता पब्लिक त्यात वेफर्सची पाकिटं टाकतं. असो.

खरं बघायचं ते शेजारच्या गुहेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागणिका राणीचा लेख, सातवाहनांची राणी, तिने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादीच्या यादी, ११,००० गायी, १,००० घोडे असे आकडे. हे आकडे ज्या पद्धतीने कोरलेत त्यामुळे आकड्यांचा इतिहास लिहिणारे लोक जगभरातून या गुहेचा उल्लेख करतात. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, वर प्रत्येकाचं नाव, सिमुक, सातकर्णी, नागणिका वगैरे. आता मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा उरल्या. १८२८ मध्ये साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला तेव्हापासून अभ्यासकांचं लक्ष गेलं. बहुतेक लोक या गुहेत पावसापासून आडोसा म्हणून घुसतात आणि कणीस खाऊन निघतात.

उलटा धबधबा म्हणाल तर हो, पावसाळ्यात कोकणातून वारा इतका जोरात वर येतो की खाली पडणारं पाणी परत अंगावर येतं. कड्याच्या टोकाला रेलून रील काढू नका. बाजूचा सुळक्यासारखा कडा तो नानाचा अंगठा, खालून कोकणातून बघितला की नाव कशामुळे पडलं ते कळतं. समोर जीवधन. त्या किल्ल्यावरच्या धान्याच्या कोठारात १८१८ च्या लढाईत जळालेल्या धान्याची राख अजून सापडते असं सांगतात, मी तिथली जमीन उकरलेली नाही.

रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आहे?

हो, आळ्याला. पैठणला ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा त्या भावंडांबरोबर परत येत होता आणि आळे गावी त्याने देह ठेवला, माउलींनी त्याला समाधी दिली. मोठं देवस्थान आहे, आळेफाट्यावरून जवळ. पुण्यातली माणसं नाशिकला जाताना आळेफाट्याला मिसळ खातात आणि समाधी न बघता जातात, हे मात्र बरोबर नाही.

तमाशाचं काय? नारायणगावला अजून राहुट्या लागतात?

लागतात. गुढीपाडव्याच्या आसपास फडमालक नारायणगावात राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. बाजारच आहे तो, फक्त माल म्हणजे एका रात्रीचा खेळ. भाव होतो, तारीख अडते, एकच अष्टमी चार गावांना हवी असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. फडावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि परत येऊन खेळ पूर्ण केला, ही गोष्ट दंतकथेसारखी सांगतात पण ती घडलेली आहे. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि शेवट पैशाच्या ओढाताणीत गेला, २००२ ला गेल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार आहे.

ओतूरच्या तांदळाच्या पिंडी कधी बघायला मिळतात?

श्रावणी सोमवारी, कपर्दिकेश्वराच्या देवळात, मांडवी नदीच्या काठी. कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, ना चिकटवायला काही, ना साचा. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, अशा वाढत जातात. पुतळे आणि भिंतीवरची चित्रं म्हणजेच सार्वजनिक कला असं वाटणाऱ्यांनी हे एकदा बघावं, एका दिवसाची कला आणि बघायला अख्खा तालुका लोटतो. शेवटच्या सोमवारी गर्दी बेफाम असते, त्यामुळे गाडी लांबच लावा. तिथेच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे.

बिबट्यांची भीती आहे का?

आहे, उगीच लपवत नाही. ऊस वाढला, उसात बिबट्याला लपायला जागा आणि खायला कुत्री-शेळ्या, पिल्लंसुद्धा उसातच होतात. तोडणीच्या वेळी पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती पुन्हा तिथेच ठेवून आईची वाट बघतात. माणसांवर हल्ले झालेत, लहान मुलं गेलीत, त्यामुळे याचं ‘वाइल्डलाइफ एक्स्पीरियन्स’ करू नका. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. रात्री उसाच्या कडेने एकटं फिरू नये, मुलांना पुढे पळू देऊ नये, बाइकवर असाल तर उगाच थांबू नये. पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि आमच्या गुरांना सोड म्हणतात. भीती आणि भक्ती दोन्ही एकदम.

डोंगर, नद्या, भूगोल यात रस असणाऱ्यांनी काय बघावं?

पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि पूर्वेला आण्याचं कोरडं पठार, एकाच तालुक्यात पाऊस इतका बदलतो की एकीकडे भात आणि दुसरीकडे बाजरी. कुकडी उगम पावते तिथे कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे, कोरीवकाम बघण्यासारखं. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, अशी गोष्ट आहे. चावंड किल्ल्यावर सप्तमातृकांची सात टाकी. आणे घाटात गुळंचवाडीला मळगंगा देवीजवळ नैसर्गिक दगडी पूल, ओढ्याने खालून बेसाल्ट पोखरला आणि वर कमान राहिली.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर पांढुरक्या राखेचा थर आहे. ज्वालामुखीची राख, तीही इथली नाही, इंडोनेशियातल्या टोबाची, साधारण ७४,००० वर्षांपूर्वीची असं बरेच शास्त्रज्ञ म्हणतात, काही जण ती त्याहून जुनी धरतात. जवळच अश्मयुगीन हत्यारं सापडली. बघायला गेलात तर नदीकाठचा साधा दरड दिसेल, राख खरवडून बाटलीत भरून आणू नका प्लीज. आणि खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही तिथे आणि बाकी आसपासच्या परिसरात पसरलेल्या, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास सामान्य लोकांना बघता येतं, एरवी बाहेरूनच. तिथे मोबाइल बंद ठेवा म्हणतात ते सिरियसली घ्या.

जेवायला काय?

मासवडी. नावात मासा आहे, ताटात नाही, शुद्ध शाकाहारी. बेसनाचं घट्ट पिठलं शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, कांदा, कोथिंबीर यांचं सारण, मग फडक्यानेच गुंडाळी करून दाबायची, त्रिकोणी आकार येतो, आणि सुरीने वड्या पाडायच्या. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा वेगळा वाटीत, वडी आयत्या वेळी बुडवायची, आधी टाकून ठेवली की विरघळते. बरोबर बाजरीची भाकरी. हॉटेलात ‘तिखट कमी’ सांगून उपयोग होत नाही, ताक मागवून ठेवा.

कधी जावं, पावसाळ्यात की थंडीत?

लेणी आणि शिलालेख बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं ऊन आत येतं आणि अक्षरं दिसतात. नाणेघाट पावसाळ्यात, पण शनिवार-रविवार टाळून. शिवजयंतीला गर्दी आवडत असेल तरच. तालुक्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर केलंय, त्यामुळे राहायची सोय, कृषी पर्यटन वगैरे बरंच वाढलंय, फक्त शनिवारी रात्री पोहोचा आणि रविवारी सकाळी आधी बाजारात जा, किल्ला दहा वाजता पण तिथेच असतो, चांगली मेथी नसते.